वलयं राहतात, शंकू राहत नाहीत

महाराष्ट्राच्या मातीतला सूचिपर्णी वृक्ष पाहायचा असेल, तर तो दगडातच पाहावा लागतो. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला ज्युरासिक काळातली अश्म झालेली खोडं पडून आहेत, त्यांत सूचिपर्णींची खोडं आहेत. नागपूरजवळच्या टाकळीत लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात एक शंकू सापडला. बिरबल साहनी यांनी १९३१ साली त्याचं वर्णन केलं आणि गावावरूनच त्याला टाकलिओस्ट्रोबस हे नाव दिलं. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तो याच दख्खनच्या लाव्ह्याचा. आज अख्ख्या द्वीपकल्पात स्थानिक म्हणावा असा सूचिपर्णी एकच उरला आहे, नागेइया वालिचियाना, आणि तोही दक्षिणेच्या ओल्या डोंगरांत. छत्रपती संभाजीनगरातल्या बंगल्यांपुढचे ख्रिसमस ट्री आणि मोरपंखी ही बाहेरून आणून लावलेली झाडं.

तरीही हिमालयातल्या देवदाराला हवामानाबद्दल विचारणाऱ्यांत पुण्याची माणसं पुढे होती. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जी. बी. पंत, एच. पी. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं हे काम केलं. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढायची. त्यानं झाड मरत नाही. कांडी घासून गुळगुळीत केली की वार्षिक वलयं दिसतात. मग एका झाडाची अरुंद-रुंद वलयं शेजारच्या झाडांशी जुळवायची, कारण फार वाईट वर्षी एखादं वलय उमटतच नाही आणि नुसतं मोजत गेलं तर सगळी सालं चुकतात.

या कांड्यांतून जे कळलं ते मराठवाड्याच्या माणसाला लगेच पटावं. पश्चिम हिमालयात देवदाराचं वलय मुख्यतः मार्च ते मे या तीन महिन्यांवर ठरतं. उन्हाळा तापला आणि वळवाचा पाऊस हुकला की वलय अरुंद. वाढीचा हंगाम सुरू होतानाच जमिनीतली ओल उडून जाते, पानं रंध्रं मिटून घेतात आणि सालीखालच्या थरातल्या पेशी विभागायच्या थांबतात. पुढे पावसाळा कितीही चांगला झाला तरी गेलेलं सगळं भरून निघत नाही. उंचावर, हिमनद्यांच्या शेजारी, चित्र उलटं आहे. तिथे झाडाला अडवते ती थंडी. बोरगावकर, सोमारू राम आणि सिकदर यांना अशा जागी गेल्या काही दशकांत देवदाराची वाढ झपाट्यानं वाढलेली आढळली, आणि ती हिवाळ्यातल्या वाढत्या तापमानाशी जुळत होती. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये हजारो वर्षं जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइनचंही तसंच. वृक्षरेषेजवळच्या या झाडांनी १९५१ ते २००० या अर्धशतकात जेवढी वाढ केली, तेवढी आधीच्या साडेतीन हजार वर्षांतल्या कुठल्याच अर्धशतकात केली नव्हती.

हे वाचून उंचावरची जंगलं सुखात आहेत असं वाटेल. मला ते घाईचं वाटतं. झाड जाड होणं आणि झाडाला पोर होणं या दोन गोष्टी आहेत, आणि वलय फक्त पहिलीची खबर देतं.

दोन्हींचा खर्च मात्र एकाच कणगीतून होतो. घरी खायची ज्वारी आणि पेरायला राखायची ज्वारी यांत शेतकऱ्याला वाटणी करावी लागते, तशीच झाडालाही. कॅनडात १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डग्लस फर आणि त्याच्या सोबतच्या जातींवर शंकूंचा बहर आला त्या वर्षी वलयं अरुंद दिसली. म्हणजे अरुंद वलय दरवेळी दुष्काळाचंच असतं असं नाही. ते भरघोस बियांचंही असू शकतं. शिवाय बियांचं नशीब आदल्या वर्षीच ठरू लागतं, कारण शंकूच्या कळ्या तेव्हाच धरतात. पिन्यॉन पाइनचा शंकू तर धरल्यापासून पिकेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ घेतो. न्यू मेक्सिको आणि ओक्लाहोमात या झाडांचे शंकू १९७० च्या आसपासच्या दशकापासून २०१२ पर्यंत सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि घट तिथेच जास्त होती जिथे कळ्या धरायच्या वेळचा उन्हाळा अधिक तापला होता. झाडं उभी होती, हिरवी होती.

हे मोजता आलं, कारण पिन्यॉनचा शंकू गळताना फांदीवर व्रण सोडतो. व्रण मोजत मागे गेलं की दहाएक वर्षांचा फळबहर कळतो. देवदार ही सोय देत नाही. त्याचे परागकण शरद ऋतूत उडतात, शंकू पुढच्या शरदात पिकतो आणि झाडावरच खवल्याखवल्यानं विखरून जातो. मागे उरते ती फांदीवर उभी काडी. शतकानुशतकांची वाढ खोडात शाबूत, आणि बियांचा इतिहास दर वर्षी वाऱ्यावर. किन्नौरच्या चिलगोजा पाइनची अडचण आणखी वेगळी. तिथे शंकूच बाजारात जातो, जुनी झाडं पुष्कळ दिसतात आणि त्यांच्याखाली रोपं फार थोडी. शेकडो वर्षं जगणाऱ्या झाडाच्या जंगलात पन्नास वर्षं रोप उगवलं नाही, तरी वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सागाच्या रूपात आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांची वलयं अस्पष्ट असतात. साग अपवाद. पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाण्याच्या सागाची वलयं तपासली. पुढे केरळमधल्या सागांतून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची साखळी उभी राहिली आणि एल निनोच्या, हुकलेल्या मान्सूनच्या वर्षांत अरुंद वलयं सापडली. नांदेडच्या किनवटचा साग अशाच पावसावर जगतो. मात्र तो फुलतो ऐन पावसाळ्यात. एकेका तुऱ्यात हजारो कळ्या, प्रत्येक फूल एका दिवसाचं, काम मुख्यतः मधमाश्यांसारख्या कीटकांचं. झड लागली की माश्या बाहेर पडत नाहीत, पाऊस ओढला तर तुरे वाळतात. फळ धरतं ते फुलांच्या मानानं अगदी थोडं. त्याचं कवच इतकं टणक, की रोपवाटिकेत ते आलटून-पालटून भिजवून वाळवावं लागतं.

मराठवाड्याला १९७२ चा दुष्काळ ठाऊक आहे, २०१५-१६ चाही ठाऊक आहे. त्या सालांची पर्जन्यमापकांची नोंद आहे, पिकांची आणेवारी आहे, आणि जुन्या सागांच्या खोडात त्यांची वलयंही असतील. त्या सालांत सागाला फळ किती धरलं, हे खोड सांगणार नाही. ते माणसानंच दर वर्षी लिहून ठेवायला हवं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. किनवटला किंवा आपल्या जवळच्या गौताळा अभयारण्यात काही झाडं खुणा करून ठरवायची, फुलोऱ्यात तुरे मोजायचे, हिवाळ्यात ठरावीक चौकोनात गळलेली फळं मोजायची, पुढच्या पावसाळ्यात त्याच चौकोनातली रोपं मोजायची, आणि हे विद्यार्थी बदलले तरी तीस वर्षं चालू ठेवायचं. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही महाविद्यालयीन विभागाला हे जमेल. सागाची फळं नोव्हेंबर ते जानेवारीत पिकतात. हा अंक हातात येईल तेव्हा ती झाडावरच असतील, त्यामुळे पहिली मोजणी याच हिवाळ्यात करता येईल.