दुसऱ्याच्या अंगणातील हिरवळ

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घर म्हटले की त्याच्या दारापुढे हिरवळीचा एक तुकडा असावयाचाच. ह्या हिरवळीवर सहसा कोणी बसत नाही. मुले खेळतात तीही बहुधा घराच्या मागील बाजूस. पुढची हिरवळ असते ती रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी. तरीही तिच्यावरील गवत वाढू दिले तर शेजारी नाक मुरडतात, आणि कित्येक गावांत नगरपालिकेची नोटीस येऊन दंडही भरावा लागतो. मग ही हिरवळ राखतो कोण? आणि घरातील खिळा स्वतः ठोकण्यात भूषण मानणारा अमेरिकन गृहस्थ हे काम परक्याच्या हाती का सोपवितो?

हा शोक मूळचा इंग्लंडमधील जमीनदारांचा. तेथे लांब दांड्याचे विळे घेतलेले गडी गवत कापीत, नाही तर मेंढरे सोडली जात. १८३० साली एडविन बडिंग ह्या इंग्लिश कारागिराने, कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन, गवत कापण्याचे यंत्र तयार केले. नोकरांचा ताफा बाळगणाऱ्यालाच जे वैभव परवडत होते, ते एकट्या माणसाच्या आवाक्यात आले. पुढे न्यूयॉर्कजवळ १९४७ ते १९५१ ह्या काळात लेव्हिटटाउन हे सतरा हजारांहून अधिक घरांचे उपनगर उभे राहिले. तेथे राहावयास येणाऱ्यांवर आठवड्यातून एकदा गवत कापण्याची अटच होती. सुट्टीच्या दिवशी यजमानाने यंत्र ढकलावे हा त्या पिढीचा गृहस्थधर्म होता, आणि खिशात चार पैसे हवे असलेला शेजारचा शाळकरी मुलगा हा त्याचा मदतनीस.

कॅलिफोर्नियात मात्र निराळी घडी बसली होती. तेथील उन्हाळा कोरडा. पाणी घातल्यावाचून गवत टिकत नाही, आणि पाणी घातले की ते बाराही महिने वाढते. साहजिकच वर्षभर राबणारा माणूस हवा. तो माणूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुधा जपानी असे. जपानी माणसाला बागेची उपजतच आवड, असे कारण तेव्हा सांगितले जाई. ते ऐकावयास गोड असले तरी खरे कारण कायद्यात होते. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांनी शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला, आणि १९२० साली खंडाने जमीन करण्याची वाटही बंद केली. (भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांनाही नागरिकत्वास अपात्र ठरविले, तेव्हा तेथील पंजाबी शेतकरीही ह्याच कात्रीत सापडले.) जमीन गेली, पण जमिनीचे ज्ञान उरले. बागकामास लागे ते यंत्र, दंताळे, कात्री आणि एखादी जुनी मोटार. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चाले.

१९४२ साली युद्धाच्या भीतीने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सुटून परत आले तेव्हा कित्येकांची दुकाने व शेते हातची गेलेली होती. पुन्हा बागकामच हाताशी आले. ज्या शेजाऱ्यांनी त्यांच्या हकालपट्टीला मुकाट्याने संमती दिली, त्यांच्याच अंगणातील गवत कापून त्यांनी मुलांना शिकविले. १९५५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील ह्या बागवानांनी आपला संघही स्थापन केला. शिकलेली मुले मात्र औषधविक्रेते, शिक्षक, इंजिनिअर झाली. बापाच्या धंद्यात फारशी राहिली नाहीत. रिकामी झालेली जागा मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या माणसांनी घेतली, आणि हळूहळू ती घडी सगळ्या देशभर पसरली.

ह्या धंद्याची रीत पाहण्यासारखी आहे. बागवानाजवळ ठरलेल्या घरांची एक साखळी असते. दोघे-तिघे एका छोट्या ट्रकमधून येतात, एक जण गवत कापतो, दुसरा कडा छाटतो, तिसरा पाचोळा उडवितो, आणि थोड्याच वेळात ते पुढच्या घराकडे निघतात. करार बहुधा तोंडी, मोबदला महिन्याचा. ही घरांची साखळी रोख रकमेस विकतासुद्धा येते. म्हाताऱ्या बागवानाचे तेच निवृत्तिवेतन.

गृहस्थ हे काम का सोपवितो, ते ह्यावरून उलगडते. यंत्र घ्या, ते ठेवावयास जागा करा, त्याची पाती धार लावून आणा, आणि हा खटाटोप आठवड्यातून एका तासासाठी! तेच यंत्र बागवानाकडे दिवसभरात अनेक अंगणांत चालते, म्हणून तो स्वस्तात काम करू शकतो. नवराबायको दोघेही नोकरीस जाऊ लागल्यापासून सुट्टीचा दिवस मोलाचा झाला. म्हाताऱ्यांना उन्हात यंत्र ढकलवत नाही. १९६५ च्या कायद्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांतही पहिली काही वर्षे यजमान हौसेने गवत कापतो आणि पुढे माणूस लावतो. गंमत अशी, की नवऱ्याचे अंगणातील काम पैसे देऊन करून घेतले तर कोणी ब्र काढीत नाही. बायकोने स्वयंपाकाला बाई ठेवली की मात्र चर्चा होते.

स्वस्ताई कोणाच्या जिवावर, हेही पाहिले पाहिजे. काम उन्हातले; म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००५ साली उघड्यावर काम करणाऱ्यांस पाणी, सावली व विश्रांती देण्याचा नियम केला. परदेशांतून हंगामी मजूर आणण्याचा एक रीतसर परवाना आहे. त्याची मूळ मर्यादा वर्षाला ६६,००० असून त्यांतील सर्वांत मोठा वाटा बागकामाचाच असतो. पण हा परवाना एका मालकाशी बांधलेला असल्याने त्याच्याशी भांडण झाले की मजुराचा देशातील मुक्काम धोक्यात येतो. ज्यांच्याजवळ कोणताच परवाना नाही त्यांची गोष्ट तर सोडाच. २०२५ सालच्या जूनमध्ये लॉस एंजेलिस परिसरात अशा लोकांची धरपकड झाली, तेव्हा वर्षानुवर्षे तेथे राबलेले बागवानही पकडले गेले.

मालक व बागवान ह्यांच्या सोयी एक नसतात, ह्याचा दाखला त्याच शहरात आधी मिळाला होता. पाचोळा उडविणाऱ्या पेट्रोलच्या यंत्राचा कर्कश आवाज लोकांना नकोसा झाला, म्हणून घरांपासून पाचशे फुटांच्या आत ते चालविण्यास बंदी झाली. १९९८ च्या जानेवारीत बागवानांनी नगरसभागृहासमोर उपोषण केले. त्यांचे म्हणणे साधे होते. झाडूने झाडावयाचे तर वेळ कितीतरी जास्त लागणार, आणि त्या वाढीव वेळाचे पैसे घरमालक देणार नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून २०२४ पासून अशी नवी पेट्रोलची यंत्रे बाजारात येणे थांबविण्याचे ठरविले. विजेरीवरील यंत्रे शांत असतात, धूर करीत नाहीत. पण दिवसभराच्या कामास पुरतील इतक्या विजेऱ्या महाग पडतात, आणि त्या बागवानालाच पदरमोड करून घ्याव्या लागतात.