रिक्षा : शब्दातून गळालेला माणूस

आज माथेरानला बोलतो आहे, म्हणून विषयही इथल्या रस्त्यावरचाच घेतलाय. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस रिक्षावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण जरा थांबा.

'रिक्षा' हा शब्द आपण इतका आपला केलाय, की तो तोडलेला तुकडा आहे हे लक्षातच येत नाही. मूळ शब्द जपानी, 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. १८७०च्या सुमारास ती जपानात रस्त्यावर आली आणि पुढे आपल्याकडे शिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी पोचली. एवढा लांब शब्द रोज कोण बोलणार? इंग्रजांनी बोलता बोलता पुढचं 'जिन' टाकून दिलं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा १८८८ सालचा एक कथासंग्रह आहे, 'द फँटम रिक्शॉ'. त्याच्या नावात 'रिक्शॉ'च्या आधी स्वल्पविरामासारखं एक चिन्ह छापलेलं आहे. म्हणजे, इथलं काहीतरी गाळलंय, हे वाचकाला ठाऊक असावं. नंतर ते चिन्हही गेलं.

इंग्रजीची ही खोड जुनीच आहे. टेलिफोनचा फोन झाला, ऑम्निबसची बस झाली. 'ऑम्निबस' हे लॅटिन, अर्थ 'सर्वांसाठी'. त्यातलं 'बस' म्हणजे निव्वळ प्रत्ययाचा तुकडा. आपण 'सर्वांसाठी'तलं 'सर्वां' टाकून 'साठी आली का हो?' असं विचारावं, तशातला प्रकार! (हशा)

आपणही कमी नाही. 'ऑटोरिक्षा'चे दोन तुकडे केले. पुण्या-मुंबईने 'रिक्षा' घेतली, नागपूरने 'ऑटो' घेतला. कोणाचंच अडलं नाही. विट्गेन्स्टाइन म्हणतो तसं, शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात असतो. तेव्हा 'जिन' गळालं, म्हणजे कोणी मुद्दाम माणूस पुसला, असं मी म्हणत नाही. व्युत्पत्तीवरून कोणावर आरोप करू नये. वापर मात्र बघावा.

आता आपला वापर बघा. आपण हाक कशी मारतो? 'ए रिक्षा!' हाक माणसाला, नाव गाडीचं. मराठीने 'रिक्षावाला' म्हणून माणूस परत आणला होता, घाईत आपण तोही गाळतो.

माथेरानात ही गोष्ट नुसती शब्दाची राहत नाही. इथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे वर्षानुवर्षं लोक पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षाने जायचे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. चांगलंच झालं, म्हणून तर इथे श्वास घेता येतो. पण हवा स्वच्छ राहिली, तिचा काही भार लाल मातीतून रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर पडला. म्हणजे इथे 'जिन' शब्दातून गेलं, दांड्यातून गेलं नाही.

माझी आई एकदा इथे हातरिक्षात बसली होती. गुडघे दुखायचे तिचे. मी शेजारून चालत होतो. चढावर पुढे ओढणारा वाकला, मागचा खांदा लावून ढकलू लागला, तशी ती म्हणाली, 'थांबव रे बाबा, मी उतरते.' ओढणारा म्हणाला, 'बसा आई, तुम्ही उतरलात तर आमचं काय?' पुढे आई काही बोलली नाही.

कांटने १७८५ साली लिहिलं, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यातला 'केवळ' महत्त्वाचा आहे. आपण रोजच एकमेकांचा उपयोग करतो, शिंप्याचा, डॉक्टरचा, माझ्यासारख्या मास्तराचाही. पण आईसमोरचा पेच कांटच्या एका वाक्याने सुटत नाही. बसावं तर त्याच्या शरीराचं ओझं, उतरावं तर त्याच्या पोटाचं.

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांचं पीठ होतं. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे, असं न्यायालय म्हणालं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. शासनाने ई-रिक्षा घेऊन खऱ्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही सांगितलं. या निकालात १९८०च्या पंजाबमधल्या एका खटल्याची आठवण आहे. तिथे कायदा सांगत होता, की परवाना स्वतःची सायकलरिक्षा चालवणाऱ्यालाच मिळेल. हेतू उत्तम होता, पण भाड्याची रिक्षा ओढणारे उपाशी मेले असते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्यांना रिक्षा विकत घेण्यासाठी कर्ज मिळेल अशी वाट काढून दिली. म्हणजे आईचा पेच न्यायालयाने ओळखला होता. नुसती बंदी घातली, तर आपली लाज जाते, त्याची भूक राहते.

म्हणून ई-रिक्षात बसताना एकच प्रश्न विचारा, ही कोणाच्या हातात आहे? कालच्या ओढणाऱ्याच्या हातात असेल, तर गाळलेला माणूस परत आला. दुसऱ्याच कोणाच्या असेल, तर ओझं ओढून झाल्यावर आपण त्याला गाडीतूनही गाळलं.

आणि परत जाताना हाक मारायची झाली, तर 'ए रिक्षा' म्हणू नका. 'दादा' म्हणा. तोही छोटाच शब्द आहे, पण त्यात माणूस शाबूत आहे.