टाळ्या वाजवून झाल्या, आता बोलायचं कसं?

लावणीच्या कार्यक्रमाला जायचं ते पुरुषांनी. बायकामाणसांनी तिकडे फिरकायचं नाही, असा पूर्वी दंडकच होता. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटलं. नाट्यगृहांतून लावणीचे खास महिलांसाठी खेळ होऊ लागले आणि भिशीच्या, महिला मंडळाच्या मैत्रिणींबरोबर आपणही जाऊ लागलो. शिट्टी वाजवायची लहानपणापासूनची हौस पुष्कळजणींनी तिथेच भागवून घेतली! हे छानच झालं. पण खेळ संपतो, त्या कलावंत बाई रंगपटातून बाहेर येतात, आपल्यासमोर उभ्या राहतात, आणि इथे मात्र आपली तारांबळ उडते. कुणी नको ते विचारून बसते, कुणी हात धरून फोटोसाठी ओढते, तर कुणी एक शब्द न बोलता पायांपासून डोक्यापर्यंत नुसती निरखत राहते.

एखाद्या शास्त्रीय गायिकेला भेटलो तर नमस्कार करून दोन शब्द कसे बोलावेत, हे आपल्याला बरोबर सुचतं. मग इथेच का अडतं? कारण शृंगार हाच ज्यांच्या कामाचा विषय, त्यांच्याशी कसं बोलावं हे आपल्याला घरात किंवा शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते. पाहुण्यांशी कसं बोलावं यावर आम्ही मुलांकडून निबंध लिहून घेतो, पण त्यात या बाई कधी पाहुण्या म्हणून येत नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

शब्द कुणाचे?

सगळा घोटाळा होतो तो एका गोष्टीमुळे. रंगमंचावर त्या बाई ‘राया’ म्हणतात, ‘सख्या’ म्हणतात, डोळा मोडतात. आणि बघणाऱ्याला वाटतं, त्या आपल्याशीच बोलताहेत! अहो, पण ते शब्द त्यांचे नसतातच. पेशवाईतल्या लावण्या राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी लिहिल्या. सिनेमातल्या कितीतरी लावण्या जगदीश खेबुडकरांच्या लेखणीतून उतरल्या. म्हणजे बाईच्या तोंडचं आर्जव लिहिणारा बहुतेक वेळा पुरुषच. बाई ते सादर करतात, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळून शिकलेल्या असतात. बैठकीच्या लावणीत तर एकाच जागी बसून, एकाच ओळीवर, दर वेळी निराळी अदा दाखवायची असते. ते येरागबाळ्याचं काम नव्हे.

निळू फुल्यांचं उदाहरण घ्या. पडद्यावर त्यांनी असे काही बेरकी पाटील आणि पुढारी रंगवले की बायका त्यांना बघून बोटं मोडत. प्रत्यक्षात ते सेवादलाचे कार्यकर्ते, सामाजिक कामात रमणारे सज्जन गृहस्थ. हे आपल्याला आता पटलेलं आहे. मग जो न्याय निळूभाऊंना, तोच लावणीच्या बाईंना का नाही?

सुलोचना चव्हाणांचंच बघा ना. ठसकेबाज लावणी म्हटली की त्यांचा आवाज कानात घुमतो. पण त्या मंचावर गायला उभ्या राहत त्या डोक्यावरून पदर घेऊन. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. त्यांना १९७५मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२मध्ये पद्मश्री मिळाली होती. विठाबाई नारायणगावकरांची तर गोष्टच सांगतात, की खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, बाळंत होऊन दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. अशा परंपरेतली बाई समोर उभी आहे, एवढं मनात धरलं की निम्मं काम झालं.

आपल्या नावावर विचारलेला प्रश्न

या संदर्भात एक मुलाखत आठवते. सनी लिओनी ही मूळची कॅनडातली पंजाबी मुलगी. अमेरिकेत प्रौढांसाठीच्या चित्रपटांत, म्हणजे ज्यांना आपल्याकडे नाक मुरडून ‘तसले’ सिनेमे म्हणतात त्यांत, तिने काम केलं. २०११मध्ये ती ‘बिग बॉस’च्या निमित्ताने भारतात आली आणि मग हिंदी सिनेमात कामं करू लागली. जानेवारी २०१६मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर तिची मुलाखत झाली. नवा चित्रपट राहिला बाजूला. मुलाखतकार फिरून फिरून तिच्या जुन्या कामावरच येत राहिला. त्यातला एक प्रश्न तर, तुमच्यामुळे आपले नवरे हातचे जातील अशी विवाहित बायकांना भीती वाटते, अशा अर्थाचा होता. म्हणजे प्रश्न त्याचा आणि नाव आपलं! ती शांतपणे, आवाज न चढवता उत्तरं देत राहिली. पुढे प्रेक्षकांनीच त्या मुलाखतकाराला धारेवर धरलं आणि आमिर खानने तिच्याबरोबर काम करायला आवडेल असं जाहीरपणे सांगितलं. याच बाईने पुढे २०१७मध्ये आपल्या लातूरच्या एका अनाथ मुलीला दत्तक घेतलं.

तुम्ही तिचे सिनेमे बघावेत असं मी मुळीच म्हणत नाही. काम आवडलं नाही तर बघू नये, तो आपला हक्क आहे. पण समोर बसलेल्या माणसाला त्याच्या कामावरून पाणउतारा होईल असं बोलायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. मग ते काम अमेरिकेतल्या सिनेमातलं असो, की आपल्या मातीतल्या लावणीचं.

तर मग बोलावं कसं?

पहिलं पथ्य नावाचं. ‘नाचीण’, ‘तमाशावाली’ हे शब्द घरात बोलतानासुद्धा वापरू नयेत, कारण मुलं तेच उचलतात. कलावंत वयाने मोठ्या असतील तर नावापुढे ‘बाई’ लावावं. या क्षेत्रात तो मानाचा शब्द आहे. लहान असतील तर ‘ताई’ म्हणावं. आणि ‘अहो-जाहो’ करावं. ओळख नसलेल्या डॉक्टरीणबाईंना आपण एकदम ‘अगं’ म्हणतो का?

दुसरं, कामाबद्दल बोलावं. ‘तुमची दुसरी लावणी फार आवडली’, ‘ढोलकी आणि तुमचे पाय काय जमले होते!’, ‘ही अदा कुणाकडून शिकलात?’ एवढं पुरे होतं. पायांत काही किलोंचे चाळ बांधून दोन-तीन तास नाचलेली बाई दमलेली असते, हेही ध्यानात असावं. दोन वाक्यं बोलावीत आणि वाट मोकळी करून द्यावी.

तिसरं, काय विचारू नये. ‘लग्न झालंय का?’, ‘घरचे कसं काय पाठवतात?’, ‘रात्रीचे किती मिळतात?’, ‘कुठल्या समाजाच्या?’ यातला एकही प्रश्न नको. आणि आपण कौतुक म्हणून जे बोलतो ना, ‘एवढ्या चांगल्या घरातल्या दिसता, मग हे का करता?’ ते तर सगळ्यात वाईट. वरून साखर आणि आत कारलं!

मुलांचा विषयही तसाच नाजूक. ज्या घराण्यांत नाचगाणं पिढीजात चालत आलं, तिथे नाचणाऱ्या मुलीने लग्न करायचं नाही अशी रीत होती. अशाच एका आईचा मुलगा शिकून डॉक्टर झाला. त्याने आपल्या नावात आईचं नाव लावलं, किशोर शांताबाई काळे, आणि १९९४मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन लिहिलं. ते वाचलेलं कुणीही ‘वडील काय करतात?’ असा प्रश्न सहज म्हणून विचारणार नाही.

ओटी, साडी आणि बक्षीस

कार्यक्रमानंतर कलावंतांची ओटी भरायची पद्धत आता बऱ्याच मंडळांनी सुरू केली आहे. हेतू चांगला असतो. पण ताट हातात घेऊन ‘सवाष्ण आहात ना?’ असं विचारलं, की झालं! मान देता देता अपमान होऊन बसतो. त्यापेक्षा साडी किंवा खण, नारळ आणि गजरा सगळ्यांना सारखा द्यावा, कुणालाच काही विचारू नये. ढोलकीवाले, पेटीवाले, मागे कोरसला उभ्या असलेल्या मुली यांनाही पानसुपारी चुकवू नये.

पैशाचं बक्षीस द्यायचं असेल तर पाकिटात घालून, संयोजकांमार्फत, पार्टीच्या नावाने द्यावं. नोट बोटात धरून नाचवायची, घ्यायला आलं की हात मागे घ्यायचा, हा खेळ पुरुषांनी केला तरी वाईट आणि बायकांनी थट्टा म्हणून केला तरी वाईटच. दौलतजादा ही जुनी रीत खरी. पण जुनं ते सगळंच सोनं नसतं. डान्स बारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बक्षीस द्यायला मोकळीक दिली, पण नोटा उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. देणं आणि उधळणं यातला फरक न्यायालयालाही वाटला, तो आपल्याला वाटायलाच हवा.

घरच्या समारंभाला त्यांना बोलवायचं असेल तर थेट त्यांचा फोन नंबर मागू नये. पार्टीच्या व्यवस्थापकाशी बोलून तारीख, वेळ, मानधन, कपडे बदलायला बंद खोली, जेवण आणि परतीची सोय हे सगळं आधी ठरवावं. चौफुला, मोडनिंबसारख्या ठिकाणी संगीत बारीच्या पार्ट्या बाईच्या नावाने ओळखल्या जातात. म्हणजे त्या बाई पाच-दहा माणसांचं पोट चालवतात. त्यांच्याशी व्यवहारही तसाच चोख असावा.

मोबाइल आणि आपली मुलं

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो विचारून काढावा, खांद्यावर हात टाकू नये, आणि रंगपटाच्या दाराशी मोबाइल उघडूच नये. फेब्रुवारी २०२३मध्ये एका लोकप्रिय नर्तकीचं कपडे बदलतानाचं चित्रण कुणीतरी चोरून केलं आणि ते गावोगावच्या मोबाइलवर फिरलं. पुण्यात पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ज्याने चित्रण केलं तो दोषी आहेच. पण ज्यांनी ते पुढे ढकललं, ते कुणाचे मुलगे होते? तुमच्या-माझ्यासारख्या आयांचेच ना?

कायदा इथे स्पष्ट आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ७७व्या कलमाप्रमाणे बाईचं असं खाजगी चित्रण चोरून करणं आणि पसरवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्याच वेळी किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. नकार कळूनही पुन्हा पुन्हा गाठणं, मेसेज करत राहणं हा ७८व्या कलमाखाली पाठलाग ठरतो. बाईला लाज वाटेल असे शब्द किंवा हातवारे ७९व्या कलमात येतात. ‘ती नाचतेच तशी’ ही सबब कुठल्याच कलमात नाही.

म्हणून आठवी-नववीतल्या मुलाला जवळ बसवून सांगावं, की रंगमंचावर बाई डोळा मारते तो खेळाचा भाग आहे; खाली उतरल्यावर ती कुणाची तरी मावशी, कुणाची आई आहे, आणि कुणाचीच कुणी नसली तरी माणूस आहे. कलावंतांना काही कळवायचंच असेल तर एकदा, सभ्य शब्दांत कळवावं. उत्तर आलं नाही तर विषय संपला. हे सांगताना आईने लाजायचं कारण नाही. आई लाजली तर मुलगा ते मित्रांच्या घोळक्यातून शिकेल, आणि तिथलं शिक्षण कसलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

नवऱ्याच्या बाबतीत दोन शब्द. ते कार्यक्रमाला जाऊन पैसे उधळून आले, तर जाब त्यांना विचारावा. घरातला संताप त्या बाईंच्या नावाने काढणं सोपं असतं, कारण त्या उत्तर द्यायला समोर नसतात. त्यांनी तिकिटाइतकं काम केलं. घरखर्चाचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, हा हिशेब आपल्या घरातच मिटवायचा असतो.

दिवाळी झाली की महिला मंडळांची स्नेहसंमेलनं सुरू होतील आणि कुठे ना कुठे लावणीही ठेवली जाईल. कार्यकारिणीच्या बैठकीत गजऱ्यांची आणि नाश्त्याची यादी कराल, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लागते का, हेही त्या यादीत लिहून ठेवा. आणि आभार मानायचं काम ज्या मैत्रिणीकडे असेल, तिला प्रत्येक कलावंताचं पूर्ण नाव आधी विचारून घ्यायला सांगा.