हवा एक, बोलणारे अनेक

शाळेच्या संगणक-कक्षात वीस यंत्रे आणि भिंतीवर वाय-फायची एक छोटी पेटी, ही मांडणी आता पुष्कळ ठिकाणी दिसते. दोनच मुले बसलेली असताना पाने झरझर उघडतात. वर्ग भरला की सगळे अडखळू लागते. मग आपण बाहेरून जोडणी देणाऱ्या कंपनीला दोष देतो. पण पुष्कळदा अडचण बाहेर नसतेच. ती त्या खोलीतल्या हवेत असते.

तारेने जोडलेल्या यंत्राला स्विचपर्यंत जाणारी स्वतःची तार असते. बिनतारी जाळ्यात मात्र एका वाहिनीवरच्या सर्व यंत्रांना एकच हवा वाटून घ्यावी लागते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील टर्मिनल्स रेडिओलहरींनी ओआहू बेटावरील संगणकाला जोडली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांचा नियम अगदी साधा होता. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा बोलावे. या पद्धतीचे गणित मांडले तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सत्कारणी लागतो असे निघते. (नैसर्गिक लॉगरिथमचा पाया २.७१८, त्याच्या दुपटीने १ ला भागले की हा आकडा मिळतो. बारावीच्या मुलांना हे जरूर करून पाहू द्यावे.)

१९९७ साली वाय-फायचे पहिले मानक ठरले, त्यात नियम सुधारला: आधी ऐका, मग बोला. पण बोलत असताना ऐकण्याची सोय मात्र त्यात नाही. यंत्राची स्वतःची लहर समजा १०० मिलिवॉटची असेल, तर दुसऱ्याकडून येणारी लहर तिच्या अब्जांश भागाइतकी क्षीण असू शकते. स्वतःच्या ओरडण्यात दुसऱ्याची कुजबुज कुठून ऐकू येणार? म्हणून टक्कर झाली हे कळण्याची वाट पाहण्यापेक्षा ती टाळण्यावर भर दिला गेला.

हे वर्गात चिठ्ठ्यांनी छान दाखवता येते. ज्यांना बोलायचे आहे अशा प्रत्येक मुलाने ० ते १५ पैकी एक चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. सर्वांनी आपापला आकडा मनात एकेकाने उतरवत न्यायचा. ज्याचा शून्यावर येईल त्याने बोलायचे. तो बोलत असताना बाकीच्यांनी मोजणी थांबवायची आणि तो थांबल्यावर तिथूनच पुढे चालू करायची. दोघे एकदम शून्यावर आले तर टक्कर. त्या दोघांनी आता ० ते ३१ मधून चिठ्ठी घ्यायची. दोनच मुले असतील तर टक्कर होण्याची शक्यता १६ त १. मुले वाढवत न्या, म्हणजे भरलेला वर्ग का अडखळतो ते कोणी सांगावे लागत नाही.

इथवर प्रत्येक यंत्र आपले आपण शिस्त पाळते. पण मोठ्या इमारतीत अशा पेट्या बऱ्याच असतात आणि कोणाला आत घ्यायचे, कोणाला आधी जाऊ द्यायचे हे प्रत्येक पेटीवर वेगवेगळे ठरवणे कटकटीचे होते. म्हणून २००० नंतरच्या दशकात बिनतारी स्विच आले. पेट्या केवळ लहरी पाठवण्या-घेण्यापुरत्या उरल्या आणि निर्णय मध्यवर्ती स्विचकडे गेले.

प्रवेशाचे पाहू. सर्वांना एकच परवलीचा शब्द दिला की तो दोन दिवसांत गावभर होतो. यंत्रांच्या हार्डवेअर-क्रमांकांची यादी ठेवणे तर आता निरुपयोगीच म्हणावे लागेल; कारण आजचे अनेक मोबाइल फोन मालकाची ओळख लपवण्यासाठी मुद्दाम बनावट क्रमांक सांगतात. खरा उपाय ८०२.१एक्स या मानकात आहे. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि संकेतशब्द असतो. ओळख तपासणारा सर्व्हर होकार देईपर्यंत ओळखीच्या बोलण्याखेरीज काहीही आत जाऊ दिले जात नाही. हाच सर्व्हर ही व्यक्ती शिक्षक की विद्यार्थी तेही सांगतो, आणि त्यानुसार स्विच तिला निरनिराळ्या आभासी जाळ्यांत टाकतो. हवा एकच, पण पाहुण्याच्या फोनला परीक्षेच्या गुणांचा संगणक दिसतही नाही.

अग्रक्रमासाठी २००५ साली चार वर्ग ठरले. युक्ती मजेदार आहे. आवाजाच्या संदेशाला पहिल्या खेपेस ० ते ३ मधलीच चिठ्ठी, चित्रफितीला ० ते ७ मधली, इतरांना ० ते १५ मधली. म्हणजे इथे मिळते ते वशिल्याचे नशीब. खात्री नव्हे.

आमच्या मते या सगळ्यातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग न्यायाचा आहे. समजा एक यंत्र पेटीजवळ असून सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने बोलते. दुसरे दूर व्हरांड्यात आहे. त्याची लहर क्षीण म्हणून वेग ६ मेगाबिट. १२,००० बिटांचा एक संदेश पाठवायला पहिल्याला २२२ मायक्रोसेकंद लागतात, दुसऱ्याला २,०००. चिठ्ठ्यांच्या खेळात दोघांना सारख्याच वेळा संधी मिळते. म्हणजे सुमारे २,२२२ मायक्रोसेकंदांत प्रत्येकाचा एकेक संदेश जातो आणि दोघांच्याही वाट्याला सेकंदाला ५.४ मेगाबिट येतात. (मधल्या थांब्यांचा वेळ आपण सोडून दिला आहे.) जवळच्याचा वेग दहापट घसरला, तोही व्हरांड्यातल्या एका फोनपायी!

चांगला स्विच इथे संदेशांऐवजी वेळ वाटतो. दोघांना अर्धा-अर्धा वेळ दिला तर पहिल्याला २७ आणि दुसऱ्याला ३ मेगाबिट मिळतात. एकूण काम १०.८ वरून ३० वर जाते, पण आधीच मागे असलेल्याचे ५.४ चे ३ होतात. व्हरांड्यात बसलेला तो कोण आहे, चित्रपट उतरवणारा की खोलीत जागा न मिळालेला विद्यार्थी, हे स्विचला ठाऊक नसते. ते ठरवणारा माणूस शाळेतच असावा लागतो. आणि निम्म्या वेळा त्यावरचा स्वस्त उपाय व्हरांड्यात आणखी एक पेटी वेगळ्या वाहिनीवर लावणे हाच असतो.

मुलांना पुढचे गणित द्यावे: चार यंत्रे ५४ ची आणि एक ६ चे. संदेश सारखे वाटले तर प्रत्येकाला सुमारे ४.२ मेगाबिट मिळतात. वेळ सारखा वाटला तर चौघांना १०.८ आणि पाचव्याला १.२. यांपैकी कोणती वाटणी योग्य, यावर वर्गात एकमत होईलच असे नाही.