पोलिसांना बोलावलं कुणी?

कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ‘प्रभात फिल्म कंपनी’ १९३३ मध्ये पुण्याला गेली. पुढे त्याच ‘प्रभात’च्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यामुळे २०१५चा तिथला विद्यार्थ्यांचा संप कोल्हापूरच्या सिनेमावाल्यांना परका वाटला नाही.

अभिनेते गजेंद्र चौहान यांना संस्थेचे अध्यक्ष नेमल्याच्या निषेधार्थ १२ जूनला संप सुरू झाला. जुलैत माहिती व प्रसारण मंत्री अरुण जेटलींबरोबर बैठक झाली, पण तोडगा निघाला नाही. ऑगस्टमध्ये २००८च्या तुकडीच्या अपुऱ्या डिप्लोमा फिल्म आहेत तशाच तपासायचं ठरलं आणि ठिणगी पडली. १७ ऑगस्टला विद्यार्थ्यांनी संचालक प्रशांत पाठराबे यांना त्यांच्याच कार्यालयात तासन् तास घेराव घातला. संस्थेने तक्रार दिली. १८ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पोलीस आवारात आले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक करून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला.

माणसाला कोंडून ठेवणं चूकच. त्याची तक्रार करण्याचा संचालकांना हक्क होता आणि ती नोंदवून घेणं पोलिसांना भाग होतं. मात्र गुन्हा नोंदवणं वेगळं आणि मध्यरात्री उचलून नेणं वेगळं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्येच बजावलं होतं. वसतिगृहात राहणारी, रोज फाटकावर बसणारी मुलं नोटीस दिली असती तर पळून जाणार होती थोडीच! तेव्हा तक्रारीचं उत्तर संचालकांनी द्यायचं, अटकेचं पोलिसांनी. आणि दोन महिने घोंगडं भिजत ठेवणाऱ्या मंत्रालयाचं काय? त्याची समिती पुण्यात पोहोचली ती अटका झाल्यावर.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात कुलगुरूंनी रात्री पोलीस बोलावले. मुलांना मारहाण झाली, शहर रस्त्यावर उतरलं आणि जानेवारीत कुलगुरूंना पद सोडावं लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या जामियात पोलीस परवानगीशिवाय घुसल्याचं खुद्द कुलगुरूंनीच जाहीरपणे सांगितलं. पुण्यात यातलं काहीच घडलं नाही. संप १३९ दिवसांनी मागे घेतला गेला, चौहान अध्यक्ष राहिले आणि खटला मागे उरला.

त्या खटल्यातल्या आरोपींपैकी एक पायल कपाडिया. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात त्यांना ‘ग्रां प्री’ मिळालं. संस्थेने अभिमानाने अभिनंदन केलं, आणि संस्थेच्याच तक्रारीवरचा खटला पुण्याच्या कोर्टात तेव्हाही चालूच होता. नऊ वर्षं तारखा पडल्या त्या फक्त विद्यार्थ्यांच्या नावावर.

म्हणून पोलीस बोलावण्याचा निर्णय संस्थाप्रमुखाच्या सहीने, कारणासह लेखी व्हावा आणि पोलीस आत असेपर्यंत त्या प्रमुखाने जागेवर हजर राहावं. अटकेची गरज का पडली, हेही पोलिसांनी लेखी द्यावं. मग चौकशीत एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही.