टायर काळाच का असतो?

नवी मोटारगाडी घ्यायची ठरली की घरातील लहानथोर रंगाच्या चर्चेत भाग घेतात. कोणाला पांढरी हवी असते, कोणाला लाल, कोणाला रुपेरी. टायरचा रंग मात्र कोणी विचारीत नाही आणि विक्रेताही दाखवीत नाही. मालवाहू ट्रक असो, एस.टी.ची बस असो की अत्यंत महागडी गाडी असो, टायर काळाच. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर रस्त्यावरील आपल्या आणि इतरांच्या जीविताशी निगडित आहे.

वस्तुतः रबर मूळचे काळे नाही. केरळातील रबराच्या मळ्यांत झाडाच्या सालीला तिरका छेद देऊन जो चीक गोळा करतात, तो दुधासारखा पांढरा असतो. त्यापासून बनणारे रबर फिकट पिवळसर किंवा तपकिरी असते. चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधली. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर तयार केला. हे आरंभीचे टायर फिकट रंगाचे होते. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी मिसळीत, त्यामुळे ते अधिकच उजळ दिसत. मिशेलिन कंपनीचा टायरच्या चळतीतून साकारलेला गुबगुबीत मनुष्य 1898 मधला. तो पांढरा आहे, कारण त्या काळचे टायरच तसे होते.

काजळीचे सामर्थ्य

हे फिकट टायर दिसायला सुंदर, पण झिजायला फार लवकर. काही हजार किलोमीटर धावले की ते निकामी होत. 1904 मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील रबर कारखान्यात एस. सी. मोट यांना असे आढळले की, रबरात अतिसूक्ष्म काजळी मिसळली असता त्याची ताकद विलक्षण वाढते. पुढे 1910 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने काजळीयुक्त टायर बाजारात आणले. त्यांना काजळी पुरविणारी बिनी अँड स्मिथ ही कंपनी म्हणजे मुलांचे क्रेयोला रंगखडू बनविणारी कंपनी होय.

या काजळीला उद्योगात कार्बन ब्लॅक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ती बनविण्याची रीत आपल्या परिचयाची वाटावी अशी होती. नैसर्गिक वायूच्या ज्योती लोखंडी पट्ट्यांवर आदळू देत आणि पट्ट्यांवर जमलेली काजळी खरवडून घेत. आपल्याकडे दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे धरून काजळ पाडतात, त्याचेच हे विराट रूप. आज हे काम बंद भट्टीत होते. खनिज तेलाचे जड अवशेष अपुऱ्या हवेत जाळून काजळी मिळवितात. भारतात दुर्गापूर, मुंद्रा, आपल्या रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा अशा ठिकाणी तिचे मोठे कारखाने आहेत. मोटारीच्या टायरच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या काजळीचाच असतो.

काजळी नेमके काय करते? टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या काजळीचा कण मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. असे असंख्य कण एकमेकांना बिलगून साखळ्या बनवितात आणि रबराचे लांब रेणू त्यांच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. रबर ताणले गेले की भार एका जागी न साचता सर्वत्र वाटला जातो. चीर पडू लागली तरी तिला वाटेत अडथळा होतो. टायरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका कृत्रिम रबराची ताणशक्ती काजळीमुळे सुमारे दहापट होते. शिवाय काजळी सूर्याची अतिनील किरणे शोषून घेते, त्यामुळे उन्हाने रबर लवकर तडकत नाही. गाडीत साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरविण्याचे कामही तीच करते.

ऊन सोसण्याचा हा गुण आपल्या परंपरेला अपरिचित नाही. आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी जी षट्कर्मे शिकविली, त्यांत असि आणि कृषी यांच्या मध्ये मसि आहे. मसि म्हणजे शाई, आणि ग्रंथलेखनाची काळी शाई काजळी व डिंक घोटूनच सिद्ध होत असे. जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारांतील शतकानुशतके जुनी हस्तलिखिते आजही वाचता येतात, याचे एक कारण हेच की काजळीतील कार्बन उजेडाने विटत नाही. जिनवाणी जपणारे द्रव्य आणि चाकाला बळ देणारे द्रव्य मुळात एकच आहे.

अन्य रंगांचे प्रयोग

काळ्या टायरला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1961 च्या सुमारास गुडइयर कंपनीने आतून दिव्यांनी उजळणारे रंगीत, अर्धपारदर्शक टायर करून पाहिले. ते लोकांचे लक्ष वेधून घेत. परंतु ओल्या रस्त्यावर त्यांची पकड पुरेशी नव्हती आणि जोराचा ब्रेक दाबताच उष्णतेने ते मऊ पडत. तो प्रयोग तेथेच थांबला. 1990 च्या दशकापासून टायरमधील काही काजळीची जागा सिलिका घेऊ लागली. त्यामुळे इंधन वाचते आणि ओल्या रस्त्यावरील पकडही सुधारते. तथापि अशा टायरमध्येही काजळी ठेवावीच लागते. फरशीवर काळे डाग पडू नयेत म्हणून काही गोदामांत मालवाहू यंत्रांना पांढरे वा करडे टायर बसवितात. पण ती यंत्रे मंद गतीने आणि छपराखाली चालतात.

काळेपणाला भुलू नये

येथपर्यंतच्या विवेचनाचे सार असे की टायरचा काळेपणा हा लेप नाही, ते त्याचे अंतर्बाह्य बळ आहे. म्हणूनच वरून लावलेल्या काळ्या चकाकीपासून सावध राहावे. पॉलिश केलेला जुना टायर नव्यासारखा दिसतो, त्याच्या बारीक भेगा झाकल्या जातात, पण गेलेले बळ परत येत नाही.

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांची गाडी दारात उभी असते आणि वर्षातून दोन-तीन वेळा तीर्थयात्रेला निघते. ‘टायर फारसे झिजलेलेच नाहीत’ असे समाधान तेथे पुरेसे नाही. हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण व्हावे म्हणून त्यात मेण मिसळलेले असते. चाक फिरताना टायर दबतो, ताणला जातो आणि ते मेण पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते, म्हणून टायर न झिजताही म्हातारा होतो.

परीक्षा सोपी आहे. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या रोमन अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. 2319 असे असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांवरील टायर वापरू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. टायरच्या खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की टायर बदललाच पाहिजे. कारण पावसात चाकाखालील पाणी बाहेर काढण्याचे काम या खाचाच करतात. प्रवासापूर्वी, टायर थंड असताना, हवा तपासावी. कमी हवेचा टायर अधिक दबतो, तापतो आणि भर उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतो.

साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करीत, प्रत्येक पाऊल पाहून टाकतात. पहाटेच्या अंधूक उजेडात रस्त्याच्या कडेने त्यांचा विहार सुरू असतो आणि त्याच रस्त्यावरून आपली वाहने वेगाने जात असतात. वेळेवर गाडी थांबणे हे चाकाखालील तळहाताएवढ्या काळ्या रबरावर अवलंबून असते. त्याची काळजी घेणे हीही जयणाच आहे.