केसपेपरला जोडलेला कागद

सकाळी ८.३० : प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सुरू होते. १२ ते १८ वयाचं कुणी आलं, की सिस्टर केसपेपरला नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा कागद जोडतात. या वयातलं नैराश्य पुष्कळदा डोकेदुखी, पोटदुखी, चिडचिड होऊन येतं. नुसती गोळी दिली, तर ते तसंच घरी परत जातं.

९.४५ : दहावीतली मुलगी. महिनाभर डोकं दुखतंय. सगळं आईच सांगते. "ताई, पाच मिनिटं बाहेर बसता?" मुलीला आधीच सांगते, "तू बोलशील ते आपल्यातच राहील. फक्त जिवाला धोका वाटला, तर घरी सांगावं लागेल."

१०.०० : प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले, तर सविस्तर तपासायचं. आकडा म्हणजे निदान नव्हे. हिचे १४. पण मी आधी नववा प्रश्न बघते : मरून जावं, स्वतःला इजा करावी असं वाटतं का? तिथं १ असला, तरी बोलायचंच. तिचा १ आहे.

"जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंयस? आधी कधी प्रयत्न केलास?" असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तो विचार भरत नाही, उलट मन मोकळं होतं.

"विचार येतो. ठरवलं काही नाही."

ठरवलं असतं, तर तिला क्षणभरही एकटं न सोडता जिल्हा रुग्णालयात पाठवलं असतं.

१०.२० : तिला सांगूनच आईला आत बोलावते. "फवारणीचं औषध कुठं ठेवता?" "पडवीत." "आजच कुलपात ठेवा. घरातल्या गोळ्याही. आणि तिला रागावू नका. हा आजार आहे, बरा होतो." टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघींना लिहून देते. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं.

१२.३० : जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना स्वतः फोन करून तारीख घेते. नुसत्या चिठ्ठीवर बरेच जण पोचत नाहीत.

दुपारी ४.०० : सिस्टर मुलीच्या घरी फोन करतात. औषध कुलपात गेलंय. पुढच्या आठवड्यात मुलगी पुन्हा येणार आहे. गावात बोभाटा होऊ नये म्हणून कागद माझ्याच कपाटात.

संध्याकाळी ६.०० : ओपीडी बंद. गावोगावच्या डॉक्टरांना एवढंच सांगणं : पुढच्या उपचारांची सोय आधी लावा, आणि मग जीव द्यायचा विचार येतो का, हे प्रत्येक मुलाला एकांतात, सरळ विचारा.